उर्मिलाबाईंच्या हाकेला ओ

उर्मिलाबाईंना हळू बोलता येत नसे. येत नसे म्हणजे त्यांच्या घशात ती सोयच नव्हती. चिंचवडला कंपनीच्या कॉलनीत त्यांनी गॅलरीत उभं राहून हाक मारली, की मैदानावरचा बोलर रनअप अर्धा टाकून थांबायचा, भाजीवाला हातगाडी वळवायचा, आणि ज्यांचा काहीएक संबंध नाही अशीही दोन-चार पोरं निमूट आपापल्या घरी जेवायला जायची. वॉचमन राजाराम रजेवर असला की सोसायटीचे सेक्रेटरी सरळ यांच्याकडे येत. "वहिनी, टँकर आलाय, जरा चारही बिल्डिंगना कळवता का?" वहिनी तांदूळ निवडता निवडता, जागच्या न उठता कळवत.

हा आवाज काही जन्मजात नव्हता हो. त्यांचे यजमान विश्वनाथराव प्रेस शॉपमध्ये होते. दिवसभर ढणाढणा आपटणाऱ्या त्या यंत्रांनी लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांच्या कानांची वाट लावली, आणि कानात मशीन घाला म्हटलं की हा गृहस्थ दोन दिवस जेवायचा नाही. मग बायकोनं काय करायचं? त्यांचे कान जसे उतरत गेले तसा हिचा आवाज चढत गेला. 'चहा टाकू का' हेसुद्धा त्या मैदानात सभा घेतल्यासारख्या विचारत. सगळा संसार असा झाला. मग एका उन्हाळ्यात विश्वनाथराव गेले. आवाज तिथेच राहिला, वरच्या पट्टीत. आता तो खाली आणायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि आणायचा तरी कुणासाठी?

वर्षश्राद्ध झालं आणि शंतनूनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलानं, आईला न्यूझीलंडला नेलं. साल दोन हजार सहा. शंतनू वेलिंग्टनला एका सरकारी खात्यात कॉम्प्युटरचं काम करायचा आणि राहायचा जवळच्या अप्पर हट नावाच्या गावात. सकाळची ट्रेन पकडून जायचा, संध्याकाळच्या ट्रेननं यायचा. सून विनिता इंजिनिअर. नात इरा, वय वर्षं सात, मराठी सगळं समजायचं पण उत्तर इंग्रजीत. आणि घराभोवती शांतता. इतकी शांतता की उर्मिलाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय रे, इथे माणसं आहेत ना?"

"आहेत की."

"मग कुठायत?"

"घरात असतील."

"घरात आहेत तर बोलत का नाहीत?"

शंतनूनं बॅगा उचलून आत नेल्या.

तर झालं काय, सप्टेंबर उजाडला, तिथला वसंत सुरू झाला, आणि इरा संध्याकाळी रस्त्याच्या टोकाला स्कूटर घेऊन खेळायला जायला लागली. पोळ्या तव्यावरून उतरल्या की उर्मिलाबाई मागच्या अंगणात यायच्या, कमरेवर हात ठेवायच्या आणि एक हाक द्यायच्या. "इराऽऽ! पोळी गार होतेऽऽय!"

एके दिवशी त्यांनी ही हाक दिली, आणि मागच्या डोंगरावरून कुणीतरी जोरात म्हणालं, "गुळूगुळूगुळूगुळू!"

उर्मिलाबाई थबकल्या. त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा तेच, "गुळूगुळूगुळू!"

अहो, त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे आपण नातवंडाला जेवायला बोलवायचं आणि कुणी टवाळानं झाडीत बसून आपली नक्कल करायची! ही कुठली रीत? त्यांनी पदर खोचला आणि डोंगराकडे तोंड करून ठणठणीत मराठीत विचारलं, "कोण आहे रे मेल्या तिकडे?"

"गुळूगुळूगुळू!" डोंगर म्हणाला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून एक डोकं वर आलं. हा शेजारचा रॉस. रेल्वेतून निवृत्त झालेला, बायको वारलेली, थंडीतसुद्धा अर्धी चड्डी आणि पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. त्याचे डोळे असे चमकत होते की उर्मिलाबाईंना वाटलं हाच तो नकलाकार. पण रॉस हळू, एकेक शब्द सुटा करून इंग्रजी बोलायचा, त्यामुळे उर्मिलाबाईंना तो शंतनूच्या मित्रांपेक्षा बरा समजायचा. त्यानं समजावलं की तो माणूस नाही, टर्की आहे, कोंबड्यासारखाच पण चांगला थोराड पक्षी. रानटी टर्की, नर. डोंगरापलीकडे त्याच्या चुलतभावाचं मेंढ्यांचं फार्म आहे, तिथले टर्की अलीकडे या बाजूला येऊन झोपतात. वसंतात टर्कीचा नर इतका तोऱ्यात असतो की कुठेही एकदम मोठा आवाज झाला, दार आपटलं, हॉर्न वाजला, की त्याला राहवतच नाही. ओरडून उत्तर देतो, आणि आपण कुठे बसलोय ते सगळ्या जगाला सांगून मोकळा होतो. शिकारी लोक म्हणूनच आधी मोठा आवाज करून बघतात.

"मी तीन वर्षं या म्हाताऱ्याच्या मागे आहे," रॉस म्हणाला. "गाडीचा हॉर्न झाला, घुबडाचा आवाज झाला, शिट्टी झाली. बाकीचे टर्की उत्तर देतात, हा माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशी बोलतो."

उर्मिलाबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. खरं सांगायचं तर त्या सुखावल्या. त्या देशात आल्यापासून त्यांच्या हाकेला पहिल्यांदाच कुणीतरी तत्परतेनं उत्तर दिलं होतं. मग रोज संध्याकाळी त्यांची आणि डोंगराची जुगलबंदी सुरू झाली. इरा घरी आलेली असली तरी या बाहेर जाऊन एकदोन हाका देऊन यायच्या. "Aaji, I'm right here," इरा म्हणायची. "असू दे गं, तू जेव," या म्हणायच्या.

आणि मग व्हायचं तेच झालं. मागच्या घरात एक नर्स राहायची. तिची रात्रपाळी, त्यामुळे झोप संध्याकाळची. एक दिवस तिनं विनिताला रस्त्यात गाठलं आणि अगदी गोड हसून, तीनतीनदा सॉरी म्हणून सांगितलं, की तुमच्या सासूबाई बऱ्या आहेत ना, कारण रोज त्या मदतीसाठी ओरडताहेत असं वाटतं. विनिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या रात्री जेवताना शंतनूनं आमटीचा भुरका घेतला, वाटी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "आई, एक सांगू? रागावू नकोस. इथे ना, लोक एवढ्या मोठ्यानं बोलत नाहीत. जरा हळू, प्लीज."

बस, एवढंच म्हणाला. वाईट बोलला का? नाही. पण उर्मिलाबाईंना ते फार लागलं. नवऱ्यासाठी वाढवलेला आवाज मुलाला लाज आणतोय, हे त्यांना त्या वाटीभर आमटीसमोर समजलं, आणि त्यानंतर त्यांनी तोंड मिटून घेतलं.

अबोला नव्हे बरं का. विचारलं तर बोलायच्या, पण कुजबुजत. भांडी अशी ठेवायच्या की जणू घरात बाळ झोपलंय. कुकरची शिट्टी झाली तरी दचकून गॅस बंद करायच्या. विनितानं मनातल्या मनात शांततेसाठी देवाला साकडं घातलं असेल नसेल, पण मिळालेली शांतता तिलाच सोसेना. "आई, तुम्हाला बरं वाटत नाही का?" तिनं दोनदा विचारलं. "मला काय धाड भरलीय," उर्मिलाबाई म्हणाल्या, पण तेही असं पुटपुटत, की विनिता जास्तच घाबरली.

मग एका रविवारी त्यांनी मुलाला सांगितलं, "मला दिवाळी झाली की जाऊ दे परत. तिकीट अलीकडचं करून घे."

"अगं, फेब्रुवारीपर्यंत राहणार होतीस ना?"

"तिथे घर बंद आहे. आणि तिथे मी कशी बोलते याचं कुणाला काही नाही."

शंतनूनं समजूत घातली, विनितानं घातली, इरानं "But why?" विचारून पाहिलं. बाई हटल्या नाहीत. शेवटी तिकीट बदललं. भाऊबीज झाली की विमान. उर्मिलाबाईंनी त्याच दिवशी बॅग माळ्यावरून काढून पलंगाशी ठेवली, आणि येताजाता शंतनूला ती दिसत राहिली.

असं सगळं सुतकी वातावरण असताना शनिवारी सकाळी रॉस दारात आला. हातात लाकडाचा एक लांबट खोका, काखेत रबराचा एक पक्षी.

"कुठे गेला तो आवाज?" त्यानं शंतनूला विचारलं. "आजारी आहे का ती? तो म्हातारा टर्की पार फार्मच्या त्या टोकाला गेलाय. मला तुझी आई हवी आहे. उद्या पहाटे. उधार."

शंतनूला कळेना हसावं की रडावं. आतून उर्मिलाबाई आल्या. प्रकरण त्यांना समजलं होतं. आता बघा, ही बाई सोवळ्यातली शाकाहारी, अंड्याचा केक दिला तर आधी वास घेणारी. पण एवढ्या दिवसांत 'हळू' सोडून पहिल्यांदाच कुणी त्यांच्या आवाजाविषयी 'हवा आहे' असं म्हणत होतं. त्यांनी देवाशी तडजोड केली. मारणार तो. आपण फक्त बोलावणार. बोलावण्यात कसलं आलंय पाप?

"येते म्हणून सांग," त्या कुजबुजल्या.

पहाटे रॉसची खटारा गाडी पुढे आणि शंतनूची मागे. आईला बंदूकवाल्या माणसाबरोबर एकटी सोडायला तो तयार नव्हता. पण फार्मच्या फाटकाशी रॉसनं त्याला अडवलं. शंतनूच्या अंगात सायकलवाल्यांचं पिवळंजर्द जॅकेट होतं. टर्कीची नजर भयंकर, रॉस म्हणाला, हा पिवळेपणा त्याला पुढच्या गावातून दिसेल. तेव्हा शंतनू फाटकाशी गाडीत. उर्मिलाबाई तपकिरी सुती साडी, वर मुलाचा हिरवा कोट, अशा पुढे.

मनुका नावाच्या तिथल्या एका रानझुडपाखाली रॉसनं त्यांना घडीची खुर्ची दिली, आणि समोरच्या गवतात रबराची मादी रोवली. तिची पाठ मुद्दाम डोंगराकडे. मग कोटातून दुसरा एक रबरी पक्षी काढून फुंकून फुगवला. हा तरणा नर. तो मादीच्या शेजारी.

"हा कशाला?" उर्मिलाबाईंनी विचारलं.

रॉसनं सांगितलं की म्हातारा नुसत्या मादीला बधत नाही. उलट तिनंच आपल्याकडे यावं म्हणून दूर उभा राहतो. पण शेजारी दुसरा कुणी दिसला की त्याच्या डोक्यात जातं, आणि येतो.

उर्मिलाबाईंना हे इतकं पटलं की त्यांनी मांडीवर थाप मारली. कॉलनीतली निम्मी लग्नं त्यांनी जमवली होती. मुलाकडचे कळवतो-कळवतो करत बसले, की त्या बोलता बोलता सहज सोडून द्यायच्या, "नाशिकचं एक स्थळ आलंय म्हणे." तिसऱ्या दिवशी होकार. हा फुगवलेला नर म्हणजे ते नाशिकचं स्थळ होतं. त्या स्वतः कधी नाशिकला गेल्या नव्हत्या.

"आता हाक," रॉस म्हणाला.

उर्मिलाबाईंनी तोंड उघडलं आणि घशातून आवाजच निघेना. एवढे दिवस दाबून ठेवलेला तो. पहिली हाक चिरकली. दुसरी जरा निघाली. तिसरी मात्र अशी गेली की तळातल्या मेंढ्यांनी चरायचं थांबवून वर पाहिलं.

"गुळूगुळूगुळू!" दूर पाइनच्या झाडीतून उत्तर आलं.

रॉसनं ओठांवर बोट ठेवलं. मोठ्या आवाजाचं काम झालं होतं. आता लाडीगोडी. त्यानं लाकडी खोक्याचं झाकण त्याच्या कडेवर हलकेच घासलं. विळीवर नारळ खवल्यासारखा आवाज, पण त्या नवरदेवाला म्हणे तो मादीचा वाटतो. "गुळूगुळू!" जवळ. पुन्हा थोडं घासलं. आणखी जवळ. मग रॉसनं खोका चक्क खाली ठेवून दिला.

"अहो, वाजवा की!" उर्मिलाबाई कासावीस झाल्या. त्यांच्या घरी पाहुण्याला पुरणपोळी वाढताना तो पानावर आडवा पडला तरी आग्रह थांबत नसे.

"नाही," रॉस पुटपुटला. "आता गप्प. जास्त बोलावलं की त्याला संशय येतो. इथून पुढे जो गप्प बसेल तो जिंकतो."

म्हणजे इथेही गप्पच! पण त्या बसल्या, दोन्ही हात तोंडावर ठेवून. आणि तो आला.

गवतातून आधी डोकं दिसलं. निळं, लाल, वर पांढरं. मग त्यानं समोरचं नाशिकचं स्थळ पाहिलं आणि तो असा फुलला, असा फुलला! शेपटीचा पंखा, पंख जमिनीवर घासत, छाती पुढे, एकेक पाऊल मोजून टाकत. फेटा बांधून मांडवाच्या दारात उभ्या राहिलेल्या नवरदेवाचा काय थाट असेल तो त्याचा होता. उर्मिलाबाई टक लावून पाहत राहिल्या. रोज संध्याकाळी आपल्याशी बोलत होता तो हा. आपण हाक मारली म्हणून सगळं सोडून, दवानं ओला होऊन, एवढ्या लांबून आला.

शेजारी रॉसनं बंदूक खांद्याला लावली.

आणि उर्मिलाबाईंनी तोंडावरचे हात काढले. देवाशी केलेली तडजोड जागच्या जागी मोडली. सबंध आयुष्यात त्यांनी हाक मारून बोलावलेलं माणूस त्यांच्या दारातून उपाशी गेलं नव्हतं. आणि याला बोलावलं ते कशासाठी? गोळी घालायला? छे, छे, छे! त्या उठल्या. खुर्ची मागे कलंडली. त्यांना ओरडायचं होतं, 'पळ!' पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचं तेच निघतं. त्यांनी सगळा जीव एकवटून हाक मारली,

"शंतनूऽऽऽ! घरी येऽऽऽ!"

"गुळूगुळूगुळू!" टर्की म्हणाला. पळायचं दूरच, मान लांब करून त्यानं उत्तर दिलं.

"अरे मेल्या, पळ की!"

"गुळूगुळूगुळू!"

रॉसनं नेम धरला होता खरा, पण त्याचे खांदे हलायला लागले. बाई ओरडतेय, पक्षी उत्तर देतोय, बाई आणखी ओरडतेय. बंदुकीची नळी वरखाली व्हायला लागली.

आणि तेवढ्यात फाटकाच्या दिशेनं, डोंगराच्या पार त्या अंगानं, एक आवाज आला. मोठा, फाटका, बेंबीच्या देठापासून काढलेला.

"आलोऽऽऽ!"

उर्मिलाबाईंनी वळून पाहिलं.

उतारावरून एक पिवळंजर्द जॅकेट धावत येत होतं. अडतीस वर्षांचा, टक्कल पडायला लागलेला, ऑफिसात सगळ्यांशी इतक्या हळू बोलणारा की मीटिंगमध्ये त्याला पुन्हा बोलायला सांगावं लागे, असा माणूस गवतातून, लेंड्यांतून, एकदा आपटून पुन्हा उठून 'आलो, आलो' ओरडत येत होता. टर्कीनं तो पिवळा प्रकार एकदाच पाहिला. मग पंख फडफडवत, नाशिकच्या स्थळाला लाथ मारून आडवं करत तो असा उडाला, की पाइनच्या शेंड्यावरून पलीकडे दिसेनासा झाला.

रॉसनं बंदूक खाली केली, काडतुसं काढली आणि ओल्या गवतात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "काय ओरडलीस तू?" त्यानं विचारलं.

"घरी ये, म्हटलं."

"बरं झालं ऐकलं नाही त्यानं," रॉस म्हणाला. "चिवट असतो म्हातारा. दिवसभर शिजवला तरी शिजला नसता."

शंतनू पोचला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. गुडघे चिखलानं भरलेले, चष्मा एका कानावर. त्यानं आईला दोन्ही दंडांना धरलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय झालं? लागलं का कुठे? गोळी—"

"काही नाही रे झालं. मी त्या पाखराला पळ म्हणत होते."

"मग मला कशाला हाक मारलीस?"

"तोंडात तेच आलं," उर्मिलाबाई म्हणाल्या.

शंतनू मटकन खाली बसला, आणि एकदम रडायला लागला. आईच्या साडीच्या निऱ्यांत तोंड घालून, लहान मुलासारखा. तिचा आवाज बंद झाल्यापासून घर कसं झालं होतं, आणि आत्ता तो ऐकू आल्यावर आधी किती बरं वाटलं आणि मग केवढी भीती वाटली, हे त्यानं तुटक तुटक सांगितलं. त्यातलं निम्मं रडण्यात गेलं. उर्मिलाबाईंनी ऐकलं मात्र सगळं. त्यांच्या हाकेला मुलानं ओ दिल्याला वीस वर्षं झाली होती. हॉस्टेल, नोकरी, फोन, ईमेल. पोरगा लांब गेला होता आणि लांबच्या माणसाला हाक ऐकू जात नाही, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "शेणात बसलायस."

तो उठला नाही. "तिकीट रद्द करू?"

"कर."

"म्हणजे फेब्रुवारीपर्यंत?"

"फेब्रुवारीचं फेब्रुवारीत बघू." त्यांनी पदरानं त्याचा चष्मा पुसला. "आणि हे बघ, त्या नर्सबाईला आज बेसनाचे लाडू नेऊन देऊ. ती किती वाजता झोपते आणि किती वाजता उठते ते विचारून घे. तेवढा वेळ मी गप्प बसेन."

"बसशील?"

"नाही जमलं तर आणखी लाडू देईन!" उर्मिलाबाई म्हणाल्या. हे त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की रॉसनं कानावर हात ठेवले. शंतनूनं नाही ठेवले.